मुलांना घेऊन जंगलात राहायला जायचं? ('कॅप्टन फॅन्टॅस्टिक' पाहिल्यावर पडलेला प्रश्न)

फुटाळाकाठ (रविवार, रात्री ११:२०)

काल पोरं झोपल्यावर आम्ही दोघांनी 'कॅप्टन फॅन्टॅस्टिक' पाहिला. २०१६चा सिनेमा, लेखन-दिग्दर्शन मॅट रॉस. पुढे गोष्ट फुटणार आहे, पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून या.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या जंगलात बेन नावाचा बाप (व्हिगो मॉर्टेन्सन) सहा मुलांना वाढवतो. शाळा नाही, टीव्ही नाही. शिकार करायची, कडे चढायचे, रात्री शेकोटीभोवती जाडजाड पुस्तकं वाचायची आणि वाचलेल्यावर स्वतःचं मत सांगायचं. 'इंटरेस्टिंग' हा शब्द वापरायला बंदी, कारण त्यातून काहीच कळत नाही! आई मानसिक आजारासाठी दूर दवाखान्यात आहे. तिने आत्महत्या केल्याचं कळतं आणि हे सगळे जुन्या बसमधून तिच्या अंत्यविधीला निघतात. तिथून पुढे बापाच्या सगळ्या तत्त्वांची परीक्षा सुरू होते.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. बेनच्या बहिणीच्या मोठ्या पोरांना अमेरिकन घटनेतला हक्कांचा जाहीरनामा म्हणजे काय ते धड सांगता येत नाही. आणि बेनची आठ वर्षांची पोरगी नुसता पाठ म्हणत नाही, समजावून सांगते.

माझा मोठा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. सकाळी पावणेसातला व्हॅन, दुपारी घरी, घास तोंडात असतानाच ट्यूशन, मग अबॅकस. परवा विचारलं, आज काय शिकलास? म्हणाला, 'संपलं.' काय संपलं? 'पोर्शन.' मला पोटात कसंतरी झालं. धाकटी सहा वर्षांची, तीही त्याच रांगेत उभी आहे.

काटोलकडे सासऱ्यांची चार एकर संत्र्याची बाग आहे. दोन खोल्या, विहीर, वीज आहे. नवऱ्याचं काम घरून चालतं. पोरांना शाळेतून काढून तीन-चार वर्षं तिथे राहावं असं मनात घोळून राहिलं आहे. कोणी असं केलंय का? कोणाचं बालपण असं गेलंय का? मनापासून विचारते आहे.

तर्रीपोहे (रविवार, रात्री ११:४१)

ताई, काटोल काही जंगल नाही, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला नागपुरात बर्डीवर :) पण प्रश्न मोठा आहे. वाचत राहतो.

गोरेवाडा (सोमवार, सकाळी ८:०५)

माझा अत्यंत लाडका सिनेमा. कान महोत्सवात 'अं सर्तें रिगार' विभागात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, मॉर्टेन्सनला ऑस्करचं नामांकन होतं. बेन चुकतो हे मान्य. पण तो मुलांशी खोटं बोलत नाही. आई कशी गेली हे त्या चिमुरड्यांनाही तो आहे तसं सांगतो. आपल्याकडे आजोबा गेले तर पोरांना 'देवाघरी गेले' सांगून शेजारच्या काकूंकडे पाठवतात. मी सात वर्षांचा होतो तेव्हा मला असंच पाठवलं होतं. पुढची दोन वर्षं मी आजोबा परत कधी येणार म्हणून विचारत होतो. तेवढ्या एका गोष्टीसाठी मला बेन मोठा माणूस वाटतो.

जा ताई काटोलला. पोर्शन संपण्यापेक्षा बरं.

ड्युटीवर (सोमवार, दुपारी २:१५)

मी डॉक्टर आहे, मेडिकलला शिकलो, आता जिल्ह्याच्या गावी असतो. सिनेमा आवडला, पण बेनला मोठा माणूस म्हणायला जीभ वळत नाही.

त्याच्या बायकोला बायपोलर आजार आहे. या आजारात औषधं वर्षानुवर्षं चालतात. लिथियम हे औषध असेल तर ठरावीक काळाने रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं, झोप सांभाळावी लागते, घरच्यांशिवायही कोणीतरी लक्ष ठेवणारं लागतं. जंगलात राहून हे करायचं कसं? तिला ते आयुष्य हवं होतं हे खरं, त्या दोघांनी मिळूनच ते निवडलं होतं. पण आजारी माणसाची निवड आणि आजाराची गरज यांचा मेळ घालायचा असतो. मधला मुलगा रेलियन बापाला तोंडावर सांगतो की आई तुझ्यामुळे गेली. बापाचं चुकलं की नाही यापेक्षा त्या पोराला हे बोलायला इतके दिवस जागाच नव्हती, हे मला जास्त लागलं.

आणि काटोलबद्दल, फुटाळाकाठ, घाबरवत नाही, पण शेतावर राहणार असाल तर मुलांना जमिनीवर झोपवू नका. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही, सूजही येत नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी, बस. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही, मांत्रिक तर नाहीच. हातपाय हलू न देता सरळ प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात. तो दवाखाना किती मिनिटांवर आहे हे आधी गाडी चालवून पाहून या. मी एक पोरगं वीस मिनिटांच्या उशिरामुळे हातातून जाताना पाहिलं आहे.

बर्डीवरचा (सोमवार, दुपारी २:५०)

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. मी आजच खाट घेऊन राहिलो, चौथ्या माळ्यावर राहत असलो तरी.

सिपनेची लेक (सोमवार, रात्री १०:३०)

फुटाळाकाठ, 'कोणाचं बालपण असं गेलंय का' वाचलं आणि लॉगिन केलं. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

बाबा मेळघाटात वनरक्षक होते. सेमाडोहच्या अलीकडे आमचं क्वार्टर होतं. पावसाळ्यात सिपना नदी चढली की दिवसेंदिवस कुठे जाणं नाही. घरात मी, भाऊ, आई आणि कंदील. बाबा फेरीवरून येईपर्यंत आई दाराची कडी लावायची नाही, उघडंही ठेवायची नाही, नुसती कडीवर हात ठेवून बसायची. ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

सातवीपर्यंत मी कोरकू आदिवासी मुलींबरोबर शिकले. पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगायचे, बिबट्या रस्त्यावरून कधी गेला ते मातीवरून सांगायचे. मग आठवीला नागपुरात होस्टेलला आले. पहिल्याच रात्री मुली अंताक्षरी खेळायला बसल्या. मला सिनेमाचं एक गाणं येत नव्हतं, एकही नाही. माझ्यावर 'ह' आला. सगळ्या बघत होत्या. मी एक कोरकू गाणं म्हटलं, लग्नातलं. कोणी हसलं नाही, पण कोणी 'पुढे' पण म्हणालं नाही. एक मुलगी म्हणाली, हे चालत नाही. मी रात्रभर पांघरुणात जागी होते.

सिनेमातला थोरला, बोडेवन, आठवतो? पहिल्यांदा एका मुलीशी जरा जवळीक होते तर थेट तिच्या आईसमोर गुडघे टेकून लग्नाची मागणी घालतो. थिएटरात लोक हसले असतील. मी हसू शकले नाही. नंतर तो बापावर ओरडतो की पुस्तकात नसलेलं मला काहीच येत नाही, तेव्हा मी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायले.

तरी विचाराल तर, मी ते बालपण कोणाला देणार नाही. फक्त एवढंच वाटतं की आईबाबांनी उन्हाळ्याच्या सुटीत आम्हाला मामाकडे नागपूरला महिनाभर ठेवलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती.

महालातली माणसं (सोमवार, रात्री ११:०२)

सिपनेची लेक, तुमचं वाचून गप्प झालो. ते गाणं आता इथे लिहा, आम्ही 'पुढे' म्हणतो.

सूतकताई (मंगळवार, सकाळी ६:२०)

माझं वय ७४. नातवाने सिनेमा लावून दिला, खालच्या इंग्रजी ओळी वाचत पाहिला. काही प्रसंग नातवासोबत बघण्यासारखे नव्हते, तेव्हा तो पाणी आणायला गेला.

मला त्यात सेवाग्राम दिसलं. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले आणि १९३७च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम निघाली. हाताने काम करत शिकायचं. टकळीवर सूत काढताना गणित, शेतात विज्ञान, स्वयंपाकघरात आरोग्य. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग लहानपणी तिथल्याच नई तालीमच्या शाळेत शिकले. म्हणजे असं शिकलेली मुलं जगात निभत नाहीत असं काही नाही.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर काढलं. तिथल्या बहिणी घरदार सोडून एकत्र राहतात, शेती करतात, आश्रमाचे निर्णय सगळ्यांच्या एकमताने घेतात. त्यांचंही कुटुंबच आहे. मी तरुण असताना महिनाभर तिथे राहिले होते. पहाटे प्रार्थनेनंतर सगळ्यांबरोबर भाजी निवडायला बसले. माझ्या शेजारच्या बहीण मेथीची काडी न् काडी वेगळी करत होत्या, काही बोलत नव्हत्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, 'तुझं मन घरी आहे, तू जा.' रागाने नाही, मायेने. त्यांचं खरं होतं. मी लग्न केलं, संसार केला, सुखात आहे.

तुम्हाला एवढंच विचारते बाई, तुमच्या मुलांना 'तू जा' म्हणणारं तिथे कोणी असेल का? बेनकडे नव्हतं.

गोरेवाडा (मंगळवार, सकाळी ९:१५)

आजी, तुमच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडे उत्तर नाही. पण बेनने शेवटी तेच केलं. थोरल्याला विमानतळावर निरोप दिला, पोरगा नामिबियाला गेला. 'तू जा' म्हणायला त्याला उशीर लागला, पण म्हणाला.

मोहफूल (मंगळवार, दुपारी १:४०)

मी गडचिरोली जिल्ह्यातला, नोकरीसाठी नागपुरात. जरा कडक लिहितो, कोणी मनाला लावून घेऊ नका.

'आधुनिक समाजापासून दूर' हे शब्द ऐकले की मला आमच्या भागातली माणसं आठवतात. ती दूर गेली नाहीत, त्यांना दूर ठेवलं गेलं. बेनला जंगल आवडलं म्हणून तो गेला. पोरगी छपरावरून पडली तेव्हा बस काढली आणि मोठ्या दवाखान्यात पोचला. आमच्याकडे बाळंतीण खाटेवर घालून चौघांनी नदीपर्यंत आणायची, तिथे डोंगा मिळाला तर मिळाला. तिला कोणी विचारलं नव्हतं की तुला साधं जीवन हवं का.

तुम्ही सगळे बेनबद्दल बोलून राहिले, मग हेमलकसाबद्दल का नाही? भामरागड तालुका. २३ डिसेंबर १९७३ला तिथल्या माडिया आदिवासींसाठी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, दोघांनीही डॉक्टरकी नागपुरात शिकलेली. वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात महिनोन् महिने बाकी जगाशी संबंध नाही. मुलं तिथेच वाढली, घरात बिबट्याची पिल्लं, अस्वल. २०१४ साली त्यांच्यावर सिनेमा आला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी होते. आता सांगा, जगाच्या नजरेतून हे कुटुंब बेनच्या कुटुंबापेक्षा कमी विचित्र होतं का?

फरक एकच. बेन माणसांपासून दूर गेला. हे दोघं माणसांकडे गेले. १९७६ला त्यांनी माडिया मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि आपली मुलं त्याच शाळेत घातली. आमटेंच्या पोरांना खेळायला सवंगडी होते, भांडायला होते, दुसऱ्याच्या चुलीवरचं खायला होतं. बेनच्या पोरांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. मला सिनेमा पाहताना हीच गोष्ट टोचत होती, काय टोचते ते कालपर्यंत सापडत नव्हतं. सिपनेच्या लेकीची अंताक्षरी वाचली आणि सापडलं.

तर्रीपोहे (मंगळवार, दुपारी २:०५)

मोहफूल भाऊ, +१००. याच्यापुढे मी पोह्यांवर काही बोलणार नाही.

घरशाळा (मंगळवार, सायंकाळी ७:३०)

उशिरा आले, कारण हा विषय माझ्या घरात रोज चालतो. आम्ही मुलीला तिसरीनंतर शाळेतून काढलं. मानेवाड्याला राहतो, जंगलात नाही. आता ती पंधराची आहे.

फुटाळाकाठ, आधी कोरडी माहिती. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण त्याबद्दल पालकाला शिक्षा लिहिलेली नाही. सक्ती मुख्यतः सरकारवर आहे, शाळा उपलब्ध करून देण्याची. पुढे दहावीला दोन रस्ते. एक, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, तिथे १४ पूर्ण लागतात. दुसरा, आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं. शाळेचा दाखला काढताना सांभाळून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात.

आता खरी गोष्ट. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. मुलगी सकाळी अंबाझरीला पक्षी पाहायला, दुपारी वाचायला, संध्याकाळी माझ्याबरोबर भाकरी थापायला. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ती चिडचिडी झाली. खिडकीत उभी राहायची. चार वाजता शेजारच्या शाळेची घंटा व्हायची आणि पोरं ओरडत बाहेर पडायची. ती रोज चारला खिडकीत. मला कळलं नाही. मी वेळापत्रक बदललं, पुस्तकं बदलली, तबला लावला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, 'अगं तिला पोट्टे पाहिजेत, तबला नाही.'

मग आम्ही कॉलनीच्या ग्राऊंडवर रोज संध्याकाळी खो-खो सुरू केला. कोणीही यावं. सहा पोरं आली, मग चौदा, आता तीसच्या वर. त्यात भाजीवाल्याची आहेत, इंजिनिअरची आहेत. मुलगी चार वाजता खिडकीत जायची थांबली. घरशाळेत जे काही चांगलं झालं ते त्या ग्राऊंडमुळे झालं असं मला वाटतं. मोहफूल म्हणतात ते हेच.

काटोलच्या शेताच्या आसपास पोरं कोणाची आहेत, हे पाहिलंय का तुम्ही?

बर्डीवरचा (मंगळवार, रात्री ९:१०)

अवांतर: डेब्रा ग्रॅनिक यांचा 'लीव्ह नो ट्रेस' (२०१८) पण पाहा. बाप-लेक पोर्टलंडच्या बागेतल्या रानात लपून राहतात. बाप युद्धावरून आलेला, त्याला चार भिंतीत झोप येत नाही. पण हळूहळू लेकीला माणसं आवडायला लागतात. मधमाश्यांच्या पेटीत ती उघड्या हाताने हात घालते तो प्रसंग पाहा. बापाचं दुखणं बापाचं, आपलं नाही, हे तिला उमगतं. शेवटी दोघं वेगळे होतात आणि कोणीच वाईट नसतं. मला तो 'कॅप्टन'पेक्षा खरा वाटला.

गोरेवाडा (मंगळवार, रात्री ९:२५)

पाहिलाय. सुंदर. पण त्यात बस नाही :(

मोहफूल (बुधवार, सकाळी १०:००)

अजून एक सांगायचं राहिलं. जंगलात राहून जगाशी नातं कसं ठेवायचं हे पाहायचं असेल तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला जाऊन या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. ग्रामसभेत मतदान नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलायचं. गावात अभ्यासगट चालतो, तिथे गावातले आणि बाहेरचे एकत्र बसून प्रश्न समजून घेतात. २००९ला सामूहिक वनहक्क मिळाले, बांबूवर गावाचा अधिकार आला. त्यांनी पुस्तकं वाचली, कायदा वाचला, आणि जंगल सोडलं नाही. बेनच्या पोरांनी तिथे दोन पावसाळे काढायला पाहिजे होते.

फुटाळाकाठ (बुधवार, रात्री १०:४५)

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. डॉक्टर, दवाखान्याची मिनिटं मोजून येते. घरशाळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, मी शेताकडे बघताना झाडंच पाहिली होती, शेजारी कोण राहतं हे पाहिलंच नव्हतं. दिवाळीच्या सुटीत जाऊन राहतो. परत येऊन लिहीन.

*(सुमारे दोन महिन्यांनी)*

फुटाळाकाठ (रविवार, रात्री ९:३०)

धागा वर काढते आहे. सोळा दिवस राहून आलो.

दवाखाना: बावीस मिनिटं. खाटा चार, मच्छरदाण्या चार.

पहिले चार दिवस पोरगा कंटाळला, हे सांगायलाच हवं. वायफाय नाही म्हणून रुसून विहिरीच्या कट्ट्यावर बसायचा. मी मनात म्हणत होते, बघ, तुझ्या डोक्यातलं खूळ. पाचव्या दिवशी आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली. तोडीला आलेल्या मजुरांची पाच-सहा पोरं होती. त्यातला एक याच्याच वयाचा. त्याने याला कात्री कशी धरायची ते शिकवलं. संत्रं ओढून तोडायचं नाही, देठाजवळची साल फाटते आणि तिथून सडायला लागतं. थोडा देठ ठेवून कात्रीने कापायचं. माझ्या पोराने पहिल्या दिवशी किती ओढली देवाला ठाऊक. ती सगळी त्या मुलाने वेगळ्या टोपल्यात काढली आणि म्हणाला, 'हे आजच खाऊन टाकू.' झाडाखाली बसून सगळ्यांनी ती खाल्ली. धाकटीचा फ्रॉक अजून पिवळा आहे.

क्रेट मोजणं याच्याकडे आलं. संध्याकाळी व्यापाऱ्याचा हिशेब आणि याचा हिशेब जुळेना. पोरगा कंदिलाशी, म्हणजे बल्बखाली, तासभर वही घेऊन बसला. तीन क्रेटचा फरक निघाला, आणि याचं बरोबर होतं. 'पोर्शन संपलं' म्हणणारा पोरगा तो हाच.

पण तोड संपली तशी मजुरांची माणसं पुढच्या बागेकडे निघाली. तो मुलगाही गेला. त्याची शाळा कुठे आहे हे मी त्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली, जिथे तोड तिथे. मोहफूल, त्या क्षणी तुमचं 'तिला कोणी विचारलं नव्हतं' हे वाक्य आठवलं. मी पोरांना शाळेतून काढायचं की नाही यावर दोन महिने घालवले, आणि तिला तो प्रश्नच कोणी दिला नव्हता.

शाळा सोडली नाही. अबॅकस आणि ट्यूशन सोडली. शनिवार-रविवार काटोल. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींना भेटले, रविवारी शाळेच्या मैदानावर खेळायला परवानगी मिळाली आहे. मुलगा स्वतःहून म्हणाला की खो-खोचे खांब आपण रोवू. घरशाळा, खांबांची उंची आणि मधलं अंतर किती ते जरा कळवा, आम्ही अंदाजाने खड्डे खणून ठेवले आहेत.

घरशाळा (रविवार, रात्री ९:५०)

उद्या सकाळी ग्राऊंडवर टेप घेऊन जाते आणि मोजून कळवते. तोवर खड्डे बुजवू नका!

सिपनेची लेक (रविवार, रात्री १०:१५)

तो तोडीचा मुलगा पुढच्या बहाराला येईल नं? आला तर त्याचं नाव तुमच्या मुलाच्या वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि ते कुठल्या गावचे तेही. मला सेमाडोहच्या माझ्या मैत्रिणींची गावं लिहून ठेवायची राहिली.

तर्रीपोहे (रविवार, रात्री १०:२२)

रविवारी मी पोहे घेऊन येतो. तीस पोट्ट्यांचे. तर्री वेगळ्या डब्यात.